‘खाली बस’ : एका आज्ञेची उलटतपासणी

वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. चळवळ्या, चुळबुळ्या, वांड, द्वाड, व्रात्य, उपद्व्यापी, धसमुसळा. त्याच्या पायाला भिंगरी असते, त्याचे बूड जमिनीला टेकत नाही. जे मूल बाकावर बसते पण मनाने भलतीकडे असते ते वेंधळे, धांदरट, विसराळू ठरते. हे शब्द मुलींच्या वाट्याला जास्त येतात. यांतला प्रत्येक शब्द स्वभावाविषयी बोलतो. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा प्रगतिपुस्तकातला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शेराही त्याच जातीचा. लक्ष देणे मुलाच्या हातात आहे आणि ते मूल देत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कितपत खरे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही आणि शिक्षकही नाही. शालेय शिस्तीचा इतिहास हा माझा गेल्या काही वर्षांचा अभ्यासविषय. नोकरी सांभाळून, जमेल तिथून कागद मिळवून, न समजलेल्या संज्ञा जाणत्यांना विचारून तो चालला आहे. छडी, अंगठे धरणे, बाकावर उभे करणे, वर्गाबाहेर काढणे यांविषयी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. शिक्षा कोणतीही असो, ती खाणारी मुले बहुधा तीच ती असतात. शिक्षेने सुधारायची असती, तर ती एव्हाना सुधारली असती. त्या ‘तीच ती’ मुलांचा माग काढताना मी एडीएचडी या विषयापाशी येऊन पोहोचलो.

नाव आणि निकष

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत कोणी त्याला अवधान-अस्थिरता म्हणते, कोणी अतिचंचलता. सर्वांच्या तोंडी रुळलेला एक शब्द अजून नाही, म्हणून इथे आद्याक्षरेच वापरतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत या स्थितीच्या लक्षणांच्या दोन याद्या आहेत, प्रत्येकी नऊ लक्षणांच्या. पहिली अवधानाची : बारकाव्यांत चुका होणे, हातातले काम अर्धवट सुटणे, वस्तू हरवणे, समोरून बोलले तरी ऐकलेच नाही असे वाटणे, रोजच्या गोष्टी विसरणे. दुसरी चंचलतेची आणि उतावळेपणाची : सतत चुळबुळ, जागेवरून उठणे, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबता न येणे. यांपैकी एका यादीतली निदान सहा लक्षणे, निदान सहा महिने आणि वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात दिसली पाहिजेत; त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असली पाहिजेत; ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसली पाहिजेत; आणि त्यामुळे मुलाचे रोजचे जगणे अडले पाहिजे. दोन याद्या असल्यामुळे वर्ग डोक्यावर घेणारा मुलगा आणि खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी, दोघांचेही निदान एकच असू शकते. मुलाच्या उपद्रवाने शिक्षक बेजार होतात, म्हणून त्याची तक्रार जाते. मुलीचा त्रास कोणालाच नसतो, म्हणून ती वर्षानुवर्षे राहून जाते.

जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब शंभरात सुमारे पाच मुले असा येतो. कोईमतूरच्या प्राथमिक शाळांतल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हे प्रमाण ११.३२ टक्के आले होते. आकडे असे खालीवर होतात, कारण नुसत्या प्रश्नावलीवर मोजले की संख्या फुगते आणि प्रत्येक मुलाची नीट तपासणी झाली की ती उतरते. कमीत कमी आकडा धरला तरी पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले निघतात. ज्या शिक्षकाने वीस वर्षे वर्ग घेतले, त्याच्या हाताखालून अशी कितीतरी मुले गेलेली असतात.

आईवडिलांच्या लाडामुळे किंवा मोबाइलमुळे हे होते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून मात्र आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात दिसतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि कमी वजन यांनीही शक्यता वाढते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचे बाह्यपटल जाडीच्या शिखराला पोहोचण्याचे मध्यक वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षे निघाले, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, पण उशीर सुमारे तीन वर्षांचा. पाचवीच्या बाकावर बसलेल्या मुलाकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत आपण दुसरीतल्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवावी, असा याचा ढोबळ अर्थ काढता येईल. त्याची बुद्धी मात्र पाचवीचीच असते, किंवा सहावीचीही. शिक्षकाचा गोंधळ नेमका इथे होतो.

साक्षीदार शिक्षक

या स्थितीचा शोध औषध कंपन्यांनी लावला, असाही एक समज आहे. पण मेल्खिओर आडाम वाइकार्ड या जर्मन वैद्याने अवधानाच्या अभावावर १७७५ साली लिहिले होते. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली आपल्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि त्यात शिक्षकांची साक्ष काढली. लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाचा रुक्षपणा काही मुलांना इतका असह्य होतो की छडीचा धाक आणि गोडीगुलाबी दोन्हीही त्यांचे लक्ष बांधून ठेवू शकत नाहीत, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले असेल, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. छडीचा उपयोग होत नाही, ही नोंद सव्वादोनशे वर्षांपूर्वीची आहे.

फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमन याने १८४४च्या नाताळासाठी आपल्या लहान मुलाला चित्रांची एक वही करून दिली. तिचे पुढे ‘श्ट्रुव्वेलपेटर’ हे जगप्रसिद्ध पुस्तक झाले, आणि नंतरच्या आवृत्तीत जेवणाच्या टेबलावर खुर्ची झुलवत बसणारा, अखेर टेबलक्लॉथसकट कोसळणारा चुळबुळ्या फिलिप त्यात आला. जर्मन भाषेत आजही अशा मुलाला त्याच्याच नावाने ओळखतात. १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. ही मुले मतिमंद नाहीत आणि तरी स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्यांनी नोंदवले. मात्र त्याला त्यांनी नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले आणि त्या शब्दाची सावली पुढे बराच काळ राहिली.

औषधाचा शोध तर अपघातानेच लागला, आणि तो वर्गात दिसला. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर एका मेंदूतपासणीनंतर होणारी डोकेदुखी शमावी म्हणून मुलांना बेन्झेड्रिन देत होते. डोकेदुखीवर फारसा परिणाम झाला नाही, पण रुग्णालयाच्या शाळेतले शिक्षक सांगू लागले की काही मुले अचानक अभ्यास करू लागली आहेत. ब्रॅडलींनी १९३७ साली तीस मुलांवरची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मुलांनी स्वतःच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असे नाव दिले होते. त्या शिक्षकांनी फरक टिपला नसता तर ती नोंद कदाचित झालीच नसती.

कळते, पण वेळेवर वळत नाही

‘कळतं पण वळत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. एडीएचडीच्या संशोधनात रसेल बार्कली यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनेक वर्षे जे मांडले आहे, ते या म्हणण्याच्या अगदी जवळ जाते. या मुलाला नियम माहीत असतो. विचारले तर ते तो बिनचूक सांगेल : मध्ये बोलायचे नाही, हात वर करायचा, गृहपाठाची वही आणायची. अडचण आहे ती ठरलेल्या क्षणी ते माहीत असलेले वापरण्याची. म्हणून नियम पुन्हा समजावून सांगण्याचा, प्रार्थनेनंतरच्या उपदेशाचा किंवा ‘पुन्हा असे करणार नाही’ हे शंभर वेळा लिहून घेण्याचा उपयोग होत नाही. जे आधीच माहीत आहे, तेच आपण पुन्हा शिकवत असतो.

यात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. पहिली म्हणजे कार्यरत स्मृती, म्हणजे हातातले काम होईपर्यंत मनात धरून ठेवायची माहिती. बाई म्हणतात, ‘पुस्तक काढा, पान सत्तेचाळीस उघडा, तिसरा प्रश्न वहीत लिहा आणि समास सोडा.’ हे चार आदेश आहेत. मुलगा दप्तरात हात घालतो तोवर त्यातले दोन निसटलेले असतात. मग तो शेजाऱ्याला विचारतो आणि बोलल्याबद्दल उभा राहतो. दुसरी गोष्ट वेळेची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क यांनी १९९०च्या दशकापासून या मुलांच्या वाट पाहण्याच्या तिटकाऱ्यावर काम केले आहे. दूरचे मोठे बक्षीस आणि हातातले छोटे बक्षीस यांत ही मुले छोट्याकडे जास्त झुकतात. वार्षिक परीक्षा दूरवर असते आणि खिडकीवरचा कावळा आत्ता असतो.

चुळबुळीविषयी तर अलीकडच्या संशोधनाने जुनी समजूत उलटी केली आहे. फ्लोरिडातील मार्क रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना कार्यरत स्मृतीवर ताण देणारी कामे दिली आणि त्यांच्या हालचाली मोजल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एडीएचडी असलेले मुलगे जेव्हा जास्त हलत होते, तेव्हा त्यांची कामगिरी जास्त चांगली होती. इतर मुलांत याच्या उलट चित्र होते. म्हणजे पाय हलवणे हा या मुलासाठी जागे राहण्याचा उपाय असावा. आपण त्याला ‘हात बांधून, तोंडावर बोट ठेवून’ बसवतो, तेव्हा त्याची सगळी शक्ती स्थिर बसण्यात जाते आणि गणितासाठी काही उरत नाही.

‘खाली बस’ म्हटल्याने काय होते

आता ज्या प्रयोगावरून या लेखाला नाव दिले, त्याकडे वळू. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातले वेस्ली बेकर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅडसन, डॉन थॉमस प्रभृती शाळांच्या वर्गांत बसून मोजमाप करत होते. ही मुले निदान झालेली नव्हती. साधे, गजबजलेले वर्ग होते. पहिलीच्या एका वर्गात त्यांनी दोन आकडे नोंदवायला घेतले : किती मुले जागेवरून उठतात आणि शिक्षिका ‘खाली बस’ किती वेळा म्हणतात. मग शिक्षिकांना ते अधिक वेळा म्हणायला सांगितले. उठणारी मुले वाढली. आज्ञेचे प्रमाण पूर्ववत केले, तशी उठणारी मुलेही कमी झाली. पुन्हा वाढवले, पुन्हा वाढली. मजेची गोष्ट अशी की प्रत्येक आज्ञेनंतर मूल लगेच बसत असे, त्यामुळे शिक्षिकेला आपली आज्ञा लागू पडते असेच वाटत राही. शेवटी त्यांनी उठणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून बसून काम करणाऱ्यांचे कौतुक करायला सांगितले, तेव्हा उठणे घटले. हा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात या गटाने दाखवले की नुसते नियम सांगून वर्गात जवळजवळ फरक पडत नाही. चांगल्या वागण्याची दखल घेण्याची जोड मिळाली की पडतो.

दोन वर्षांनी डॅनिएल ओ’लिअरी आणि सहकाऱ्यांनी रागावण्याच्या आवाजाचा अभ्यास केला. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे रागावणे आणि जवळ जाऊन फक्त त्या मुलालाच ऐकू येईल असे बोलणे, यांची तुलना केल्यावर बहुतेक मुलांच्या बाबतीत हळू आवाज अधिक उपयोगी ठरला. वर्गासमोर ओरडा बसला की पन्नास माना वळतात, आणि ज्याला एरवी कोणी विचारत नाही त्याच्यासाठी पन्नास माना वळणे ही मिळकतच असते.

वर्गाबाहेर काढण्याचा हिशेबही असाच आहे. भागाकार नकोसा झालेल्या मुलाला बाहेर काढले की त्याची भागाकारातून सुटका होते आणि शिक्षकालाही शांतता मिळते. दोघांनाही लाभ झाल्यामुळे दोघांकडूनही ते पुन्हा घडते. महिन्याभरात मुलाचा भागाकार कायमचा राहतो आणि मग वर्गात बसणे त्याला आणखी अवघड होते.

वर्गात करता येण्याजोगे

यातून निघणारे उपाय फारसे खर्चिक नाहीत. ते चिकाटी मागतात, आणि ती पैशांहून दुर्मीळ असते हे मान्य करूनच पुढे लिहितो.

जागा पहिल्या बाकावर द्यावी, पण दाराच्या आणि खिडकीच्या कडेला नको, आणि शिक्षा म्हणूनही नको. शेजारी शांत, समजूतदार मूल असावे. शिक्षक फिरता फिरता बाकावर बोट टेकवून खूण करू शकतील इतके अंतर असावे. सूचना एका वेळी एकच द्यावी, नजर मिळाल्यावर द्यावी आणि फळ्याच्या कोपऱ्यात क्रमाने लिहून ठेवावी. मुलाला ती परत म्हणायला सांगावी. वीस गणितांचा कागद चार घड्यांत दुमडून एका वेळी पाचच दिसतील असे केले तरी काम हलके होते. पाच झाली की दाखवायला टेबलापर्यंत यायचे, म्हणजे उठण्याला कारण मिळते.

हालचालीची गरज असेल तर तिला काम द्यावे. एका निमशहरी शाळेत परवानगी घेऊन मी काही दिवस मागच्या बाकावर बसत असे. तिथल्या एका बाईंनी हजेरीपट कार्यालयात पोहोचवणे, खडू आणणे, फळा पुसणे, वह्या वाटणे ही कामे एकाच मुलाच्या दिवसभरात पेरून ठेवली होती. बक्षीस म्हणून काम दिले आहे असे वर्गाला वाटे. त्या म्हणत, ‘तो उठणारच आहे, तर मी उठवते.’ मधली सुट्टी किंवा खेळाचा तास कापणे ही या मुलांना सर्रास दिली जाणारी शिक्षा आहे आणि तीच त्यांना सर्वांत महाग पडते.

सर्वांत जास्त तपासलेला उपाय म्हणजे रोजची नोंद-चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या, मोजता येतील अशा : काम वेळेत सुरू केले, हात वर करून बोलला, गृहपाठ डायरीत उतरवला. ‘नीट वागला’ असे काही लिहायचे नाही, कारण ते मोजता येत नाही. प्रत्येक तासानंतर शिक्षकाने बरोबर किंवा फुली करायची. वीस सेकंदांचे काम आहे. लक्ष्य सुरुवातीला इतके सोपे ठेवायचे की चारांतले तीन दिवस मूल जिंकेल. घरी चिठ्ठी पाहिल्यावर छोटे बक्षीस त्याच संध्याकाळी : दहा मिनिटे जास्त क्रिकेट, आवडीची भाजी, वडिलांबरोबर सायकलवर चक्कर. महिन्याच्या शेवटी देऊ म्हटलेली सायकल इथे निरुपयोगी असते, कारण या मुलासाठी महिन्याचा शेवट अस्तित्वातच नसतो. फुल्या जास्त आल्या म्हणून घरी मार बसणार असेल, तर ही पद्धत सुरूच करू नये.

एकट्या मुलाला वेगळे काढायचे नसेल, तर वर्गाचा खेळ करता येतो. १९६९ साली कॅन्ससमधल्या चौथीच्या वर्गात हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी असा खेळ करून पाहिला. वर्गाचे दोन संघ, नियम मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर खूण, ठरलेल्या संख्येपेक्षा खुणा कमी राहिल्या तर दोन्ही संघ जिंकू शकतात, आणि बक्षीस म्हणजे रांगेत पहिला नंबर किंवा थोडा मोकळा वेळ. गोंगाट लक्षणीय घटला. आपल्याकडे ‘गुड बिहेवियर गेम’ म्हणून तो फारसा कोणी ओळखणार नाही, पण लाल संघ-पिवळा संघ आपल्या शाळांना नवे नाहीत. एकाच मुलामुळे संघ हरतो असे होऊ लागले, तर नियम सैल करायचे भान मात्र हवे.

उतावीळ निदानाचा धोका

इथपर्यंत वाचून एखाद्या वाचकाला आपल्या ओळखीच्या चार मुलांची नावे सुचली असतील. म्हणून पुढची गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेच्या ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची मर्यादा १ सप्टेंबर आहे, तिथल्या विमानोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांत एडीएचडीचे निदान दहा हजारांत ८५.१ होते, सप्टेंबरच्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत मोठ्या मुलांत ६३.६. एका महिन्याच्या अंतराने मेंदू बदलत नाही. वर्गातले मूल नुसते लहान होते, आणि त्याच्या लहानपणाला आजाराचे नाव मिळाले. आपल्याकडे तर ज्यांची जन्मतारीख घरी माहीत नव्हती अशा पिढ्यांना गुरुजींनी सरसकट १ जून ही तारीख दिली. दाखल्यावरचे वय आणि खरे वय यांचा मेळ न लागण्याची परंपरा आपली जुनीच आहे.

शिवाय ऐकू कमी येणारे, फळ्यावरचे न दिसणारे, रात्री नीट न झोपणारे, उपाशीपोटी येणारे, घरातल्या भांडणाने धास्तावलेले आणि शाळेची भाषा घरची नसलेले मूलही बेलक्ष दिसते. वाचन-लेखनाच्या अडचणी एडीएचडीच्या जोडीनेही येतात. म्हणून शिक्षकाने निदान करू नये. त्याने तारखेनिशी पाहिलेले लिहावे : कोणत्या तासाला, काय चालू असताना, किती वेळ. तपासणाऱ्या डॉक्टरला अशी दोन आठवड्यांची नोंद ‘फार मस्ती करतो’ या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

औषधाबद्दलही दोन टोकांची मते ऐकू येतात. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, चौदा महिन्यांनंतर, काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा मुख्य लक्षणांवरचा परिणाम निव्वळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला. दोन्ही एकत्र दिल्यावर इतर काही बाबतींत फायदा दिसला आणि औषधाची मात्रा कमी लागली. तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा गटांमधला फरक ओसरला होता. औषध घ्यायचे की नाही, हे तज्ज्ञ आणि पालकांनी ठरवायचे. गोळीने मूल बाकावर थांबेल. बाकावर थांबल्यावर त्याला काय मिळते, ते शाळेवर अवलंबून राहील.

आपला वर्ग

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. त्याच कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. शहरातल्या अनुदानित शाळेच्या साठीच्या घरातल्या वर्गात उभे राहून हे वाचले की कायद्याने छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिले नाही, अशी शिक्षकांची तक्रार समजते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत; त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. २००७च्या ‘तारे जमीं पर’ने वाचता न येणाऱ्या मुलाची व्यथा घराघरांत पोहोचवली, तसे या मुलांच्या वाट्याला आलेले नाही. त्यामुळे केवळ एडीएचडी असलेल्या मुलाचे भवितव्य पुष्कळ अंशी त्या त्या वर्गातल्या शिक्षकाच्या मर्जीवर उरते.

आणि तरीही मराठी शिक्षणाला हे सगळे परके नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेली : अंगणात अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. तिथे एडीएचडी हा शब्द कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण मूल हलणार, हे धरूनच शिकवण्याची आखणी करता येते, हे त्यांनी याच मातीत करून दाखवले होते.

या मुलांपैकी ज्यांना वेळेवर हात मिळत नाही, त्यांच्यात शाळा सुटण्याचे, अपघातांचे, पुढे नोकरी न टिकण्याचे प्रमाण जास्त आढळते. त्याआधीही काहीतरी घडलेले असते. तिसरी-चौथीपर्यंत मुलाला आपल्याविषयीचे शब्द पाठ झालेले असतात. आपण वांड आहोत, हे त्याला पटलेले असते, आणि एकदा ते पटले की सुधारणेची जबाबदारी त्याच्यावर उरत नाही.

दर जूनला नवा वर्ग हातात येतो, तेव्हा शिक्षक-खोलीत जुने शिक्षक नव्यांना नावे सांगतात : याच्यापासून सांभाळा, हिला दहा वेळा सांगावे लागते. मुलाची कीर्ती अशी न चुकता वरच्या वर्गात जाते. त्याच्याबरोबर अर्ध्या पानाची एक चिठ्ठीही जावी, एवढे आजच्या व्यवस्थेतही शक्य आहे. त्याला पहिल्या बाकावर बसवले की चालते. गणित पाच-पाच द्या. तिसऱ्या तासाला एखाद्या कामासाठी उठवा. जवळ जाऊन हळू बोला. मागच्या वर्षी वह्या वाटण्याचे काम त्याने एकदाही चुकवले नाही. अशी चिठ्ठी लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि ती लिहिण्यासाठी त्या मुलाला वर्षभर नीट पाहिलेले असावे लागते.